मंगलाष्टकं सुरू झाली की चित्र का गोठतं?

वाचकांचे प्रश्न : बिनतारी व्हिडिओ रिसीव्हर

लग्न, गणेशोत्सव, गॅदरिंग, क्रिकेटचे सामने अशा सगळीकडे आता कॅमेऱ्यावर छोटा ट्रान्समीटर आणि व्हिडिओ मिक्सरपाशी (कॅमेऱ्यांमधून चित्र निवडणारं यंत्र) किंवा एलईडी वॉलपाशी रिसीव्हर दिसतो. या महिन्यात आलेली बरीच पत्रं याच जोडीबद्दलची होती. सारख्या तक्रारी एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमच्या सेटवर ४०० फुटांची रेंज लिहिली आहे. लॉनवर स्टेजपासून मिक्सरचं टेबल २०० फुटांवर होतं. सकाळी तपासलं तेव्हा चित्र अगदी स्वच्छ होतं. जेवणाच्या आधीचे कार्यक्रमही नीट झाले. पण मंगलाष्टकं सुरू झाली आणि चित्र गोठलं. अक्षता पडून लोक बसले की पुन्हा सुरू. दोन लग्नांत हेच झालं. सेट सदोष आहे का? (सांगली)

सेट चांगला आहे. रिसीव्हर चुकीच्या उंचीवर ठेवला गेला आहे, आणि मंगलाष्टकांना सगळे उभे राहतात एवढंच त्याचं कारण आहे.

हे सेट ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. तिथे लहरीची लांबी पाच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि माणसाचं शरीर, म्हणजे बहुतांशी पाणी, तिला चांगलंच अडवतं. डब्यावरचे ४०० फूट हे मधे काहीही आडवं नसतानाचे असतात. अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने उतरतो, पण उभ्या माणसांच्या दोन-तीन रांगा मधे आल्या तर त्याहून जास्त उतरतो. म्हणून २०० फुटांवर ‘निम्मी रेंज शिल्लक आहे’ हा हिशेब लग्नाच्या मांडवात चालत नाही.

आता तुमच्या मांडणीचे आकडे घेऊ. स्टेज ४ फूट उंच, त्यावर खांद्यावरचा कॅमेरा ५ फुटांवर, म्हणजे ट्रान्समीटर जमिनीपासून ९ फुटांवर. रिसीव्हर टेबलावर, ३ फुटांवर. दोघांमध्ये दोरी ताणली असं समजा. मिक्सरपासून ५० फुटांवर ती दोरी जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर असते. खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं चार-सव्वाचार फुटांवर, म्हणजे दोरी कशीबशी वरून जाते. माणूस उभा राहिला की डोकं साडेपाच फुटांवर, शिवाय अक्षता टाकायला हात वर. मागच्या सगळ्या रांगा एका क्षणात दोरीच्या आड येतात. सकाळी खुर्च्या रिकाम्या असताना केलेली चाचणी म्हणूनच फसवी ठरली.

शिवाय फक्त दोरी मोकळी असून भागत नाही. रेडिओ लहर दोरीसारखी बारीक जात नाही, मधे फुगलेल्या काकडीसारख्या आकाराच्या जागेतून जाते. ५.८ गिगाहर्ट्झला ६० मीटर अंतरावर ही काकडी मधोमध दोरीच्या खाली आणि वर प्रत्येकी जवळपास ९० सेंटिमीटर, म्हणजे तीन फुटांना थोडी कमी, पसरते. १०० मीटरवर तोच पसारा १.१ मीटरच्या आसपास जातो. यातला निदान साठ टक्के भाग मोकळा हवा.

उपाय सोपा आहे. रिसीव्हर टेबलावरून उचला आणि १० फुटी लाइट स्टँडवर चढवा. आता दोरी एका टोकाला ९ आणि दुसऱ्या टोकाला १० फुटांवर. मधोमध साडेनऊ, त्यातून तीन फूट वजा केले तरी साडेसहा फूट राहतात. उभं वऱ्हाड खाली राहतं. स्टँडचे पाय पूर्ण फाकवा, खाली पाच-सात किलोची वाळूची पिशवी टांगा, आणि अँटेना स्टँडच्या लोखंडी टोकाच्या वर येतील असा रिसीव्हर लावा. लोखंडी ट्रस, पत्र्याचा खांब किंवा एलईडी वॉलची पाठ यांच्यापासून तो किमान तीन फूट दूर हवा.

जमत असेल तर आम्ही याहून चांगला दुसरा मार्ग सुचवू. रिसीव्हर स्टेजच्या बाजूला, कॅमेऱ्यापासून ४०-५० फुटांवर उंच लावा आणि तिथून मिक्सरपर्यंत एसडीआय केबल (व्यावसायिक व्हिडिओची लांब पल्ल्याची तार) ओढा. चांगल्या प्रतीच्या आरजी-६ केबलवर १०८०पी५० चं (सेकंदाला ५० पूर्ण फ्रेमचं) चित्र ६० मीटर आरामात जातं. हवेतला प्रवास जितका छोटा तितकं बरं. उरलेलं काम तांब्याच्या तारेला द्या. साधी एचडीएमआय केबल मात्र १० मीटरच्या पुढे ओढू नका. ती कधी चालते, कधी चालत नाही, आणि न चालण्याची वेळ ती स्वतः निवडते. रिसीव्हरला एसडीआय नसेल तर एचडीएमआयमधून एसडीआय करणारा कन्व्हर्टर मधे घाला. त्यालाही वीज लागते, हे धरून चाला.

ट्रान्समीटरची जागाही महत्त्वाची आहे. तो कमरेच्या पट्ट्याला अडकवला की कॅमेरामन वळताच त्याचं स्वतःचं शरीर आड येतं. कॅमेऱ्याच्या केजवर (भोवतीच्या धातूच्या चौकटीवर), हँडलच्या वर लावा. अँटेना डोक्याच्या पातळीला किंवा वर राहू द्या.

आणि चाचणी अशी करा: एका माणसाने ट्रान्समीटर छातीशी धरून रिसीव्हरकडे पाठ करून, स्टेजवर ज्या ज्या जागी कॅमेरा जाणार आहे त्या प्रत्येक जागी अर्धा मिनिट उभं राहायचं. चार-पाच जणांना मधल्या रांगांत खुर्च्यांपुढे उभं करा. दुसऱ्याने रिसीव्हरवरच्या सिग्नलच्या काड्या बघायच्या, चित्र नाही. जुन्या अॅनालॉग सेटवर सिग्नल कमी झाला की आधी मुंग्या यायच्या आणि माणूस सावध व्हायचा. डिजिटलमध्ये शेवटच्या काडीपर्यंत चित्र लख्ख असतं आणि मग एकदम गोठतं. या चाचणीत काड्या निम्म्याच्या खाली गेल्या तर लग्नघटिकेला भरवसा नाही. जागा बदला.

प्रश्न : नवा सेट घेतला. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकमेकांना जोडले जातात, हिरवा दिवा स्थिर आहे, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. दुकानदाराने बदलून दिला तरी तेच. (नाशिक)

स्थिर दिवा म्हणजे हवेतला दुवा जुळला आहे. अडचण दोन टोकांच्या तारांत किंवा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये आहे. या क्रमाने बघा.

आधी कॅमेरा थेट मॉनिटरला जोडा, तीच केबल वापरून. इथेही चित्र नसेल तर केबल किंवा कॅमेरा. मायक्रो एचडीएमआयचं तोंड फार नाजूक असतं. केबल जरा खाली दाबल्यावर चित्र येत-जात असेल तर ती टाकून द्या आणि नव्या केबलला केजवर क्लॅम्प लावा.

थेट जोडल्यावर चित्र येतं, पण सेटमधून येत नाही? मग कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन एचडीएमआयचं रिझोल्यूशन ‘ऑटो’वरून काढून १०८०पी करा. फोर-के मध्ये रेकॉर्डिंग करताना कॅमेरा ‘ऑटो’वर असला की बऱ्याचदा बाहेरही फोर-के पाठवायला बघतो, आणि लहान सेट फक्त १०८० घेतात. याच मेनूत स्क्रीनवरची माहिती एचडीएमआयवर दाखवण्याचा पर्याय बंद करा, नाहीतर वधूच्या चेहऱ्यावर फोकसची चौकट आणि बॅटरीचं चिन्ह एलईडी वॉलवर झळकेल.

कॅमेरा पाल पद्धतीवर, म्हणजे २५ किंवा ५० फ्रेमवर आहे ना, तेही बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. कॅमेरा ३० किंवा ६० फ्रेमवर राहिला तर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी फोकसखाली चित्र लुकलुकतं, शिवाय बाकीचे कॅमेरे ५० वर असले तर मिक्सरवर याचं चित्र अडखळतं. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. एटेम मिनीसारख्या मिक्सरमध्ये प्रत्येक इनपुटला स्वतःचा कन्व्हर्टर असल्याने वेगवेगळी फॉरमॅट खपून जातात. अनेक एसडीआय मिक्सरमध्ये तो नसतो. तिथे सगळे कॅमेरे अक्षरशः एकाच फॉरमॅटवर लागतात आणि एक जरी ५०आय वर (एकाआड एक ओळी पाठवणाऱ्या फॉरमॅटवर) राहिला तरी त्याची खिडकी काळी दिसते.

कॅमेऱ्याऐवजी लॅपटॉप किंवा सेट-टॉप बॉक्स जोडला असेल आणि प्री-वेडिंगचा व्हिडिओ एखाद्या ओटीटी अॅपवरून लावायचा असेल तर कॉपी-संरक्षण आड येतं. बहुतेक ट्रान्समीटर ते चित्र पुढे देत नाहीत. फाइल पेनड्राइव्हवर घेऊन साध्या प्लेअरमधून लावा.

प्रश्न : एलईडी वॉलच्या प्रोसेसरला (वॉलला चित्र पुरवणाऱ्या पेटीला) रिसीव्हर जोडताना बारीक ठिणगी उडाली आणि रिसीव्हरचं एचडीएमआय पोर्ट गेलं. वर्षात दुसऱ्यांदा. एलईडीवाला म्हणतो तुमचा सेट कच्चा आहे. (बारामती)

कच्चं अर्थिंग आहे, आणि हा प्रश्न फक्त पोर्टपुरता नाही. त्याने माणसालाही झटका बसू शकतो, म्हणून सविस्तर लिहितो.

एलईडी वॉल बहुतेक वेळा जनरेटरवर असते, मिक्सर आणि तुमचे अॅडॅप्टर कार्यालयाच्या विजेवर. दोन्हींची अर्थिंग वेगळी, किंवा एकीकडे अर्थिंगच नाही. अर्थिंग नसलेल्या अॅडॅप्टरची किंवा पॉवर सप्लायची धातूची बाजू ‘तरंगत’ राहते. मल्टिमीटरवर तिथे अर्थच्या तुलनेत १०० ते ११५ व्होल्टच्या आसपास दाब दिसतो. त्यातून वाहणारा प्रवाह एरवी अगदी किरकोळ असतो. पण एचडीएमआयचा प्लग आत जाताना त्या दाबाला वाट हवी असते, आणि कवच टेकण्याआधी एखादी सिग्नलची पिन टेकली तर तो त्या पिनेमागच्या चिपमधून जातो. ठिणगी तीच.

बिनतारी सेटचा एक मोठा फायदा लोक विसरतात: स्टेजवरची वीज आणि वॉलची वीज यांच्यात तार नसल्याने दोन अर्थिंगचा संबंधच येत नाही. तो फायदा हातात ठेवा. वॉलजवळचा रिसीव्हर बॅटरीवर चालवा, अॅडॅप्टरवर नको. अॅडॅप्टर लावायचाच असेल तर ज्या तीन-पिनी बोर्डावर प्रोसेसर आहे त्याच बोर्डावर, तिसऱ्या पिनेसकट.

जोडण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तुमच्या एचडीएमआय केबलच्या धातूच्या कवचाला आणि दुसरं प्रोसेसरच्या पोर्टच्या कवचाला लावा. एक-दोन व्होल्ट असतील तर पुढे जा. दहा-वीसच्या वर काही दिसलं तर जोडू नका, जनरेटरवाल्याला बोलवा. मल्टिमीटर हाताशी नसेल तर निदान टेस्टर लावा. प्रोसेसरच्या पेटीवर टेस्टर मंद का होईना पेटला तर अर्थिंग तुटलेलं आहे आणि त्या पेटीला कोणी ओल्या हाताने शिवू नये. अर्थिंगची तिसरी पिन कापून ‘स्पीकरमधलं गुंजन बंद करणं’ हा प्रकार काही ठिकाणी अजून चालतो. तो थांबवाच. जनरेटरचं अर्थिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

जोडणीचा क्रम: दोन्ही यंत्रं बंद, मग केबल, मग प्रोसेसर सुरू, शेवटी रिसीव्हर. ऑप्टिकल एचडीएमआय केबल घेतली की पूर्ण विलगता मिळते असा समज आहे, पण त्यातल्या अनेकांत नियंत्रणासाठी तांब्याच्या तारा असतातच. त्यांच्या भरवशावर अर्थिंगकडे दुर्लक्ष करू नका.

प्रश्न : दोन कॅमेरे केबलवर आणि एक बिनतारी. बिनतारी कॅमेऱ्यावर गेलं की गायकाचे ओठ आवाजाच्या मागे पडतात. आवाज मागे ढकलला तर केबलवाले कॅमेरे बिघडतात. मधला मार्ग आहे का? (कोल्हापूर)

आहे, आणि तो मोजून काढायचा असतो.

परवडणाऱ्या सेटमध्ये चित्र आधी दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवलं जातं आणि रिसीव्हरमध्ये उलगडलं जातं. त्यात साधारण ६० ते १०० मिलिसेकंद जातात. महागड्या, न दाबता पाठवणाऱ्या सेटना एक मिलिसेकंदही लागत नाही. सिनेमाच्या शूटिंगमध्ये फोकस ओढणाऱ्याला तेच लागतात. लग्नाच्या धंद्यात दाबणारेच सेट येतात, त्यामुळे हा उशीर गृहीत धरायचा.

आधी तुमच्या सेटचा उशीर मोजा. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि केबलवरचा एक व बिनतारी एक असे दोन्ही कॅमेरे त्याच मोबाइलवर रोखा. मिक्सरचा मल्टिव्ह्यू (सगळ्या कॅमेऱ्यांच्या खिडक्या एकत्र दाखवणारा पडदा) दुसऱ्या फोनने फोटोत घ्या, शटरचा वेग जास्त ठेवून. दोन खिडक्यांतल्या आकड्यांतला फरक हा उशीर. पाच फोटो काढून मधला आकडा घ्या.

समजा तो ८० मिलिसेकंद आला. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनची शिफारस अशी आहे की आवाज चित्राच्या ४० मिलिसेकंदांहून पुढे नसावा आणि ६० हून मागे नसावा. म्हणजे आवाज ४० मिलिसेकंद मागे ढकला. केबलच्या कॅमेऱ्यांवर आवाज ४० ने मागे राहील, ते चालतं. बिनतारी कॅमेऱ्यावर तो ४० ने पुढे राहील, तेही मर्यादेत बसतं. दोन्हीकडे डोळ्याला खटकणार नाही. उशीर १०० च्या वर असेल तर मात्र हा मध्य सापडत नाही. तेव्हा तिन्ही कॅमेरे एकाच प्रकारच्या सेटवर घ्या, किंवा बिनतारी कॅमेऱ्याला गायकाचा जवळचा शॉट देऊच नका. वादक, प्रेक्षक, हातातला तबला अशा शॉटसाठी तो ठेवा.

मैदानातल्या एलईडी वॉलसाठी गणित वेगळं आहे. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. स्टेजवरच्या स्पीकरचा आवाज ३० मीटरवर बसलेल्या माणसाला ८७ मिलिसेकंदांनी पोचतो, म्हणजे त्याच्यासाठी वॉलवरचं उशिराचं चित्र आणि आवाज जवळजवळ जुळलेलेच असतात. उशीर टोचतो तो पुढच्या रांगांना. वॉलचा प्रोसेसर स्वतःच्या एक-दोन फ्रेम त्यात घालतो, त्यामुळे तिथल्या चित्रसुधारणेच्या सगळ्या सोयी बंद ठेवायला सांगा.

प्रश्न : गणपतीत एका मंडळासाठी तीन बिनतारी कॅमेरे लावले. एकेकटा सुरू केला की उत्तम, तिन्ही लावले की कुठला तरी एक पडतो. ड्रोन वर गेला की दोन पडतात. (पुणे)

तिन्ही सेट ‘ऑटो चॅनेल’वर असतील तर ते एकमेकांच्या अंगावर जातात. ऑटो बंद करा आणि हाताने वाटणी करा. माहितीपुस्तिकेत चॅनेलच्या आकड्यापुढे वारंवारता आणि रुंदी दिलेली असते. सेट ४० मेगाहर्ट्झ रुंद चॅनेल वापरत असेल तर वरच्या पट्ट्यात दोनच सुटसुटीत बसतात: वायफायच्या भाषेत १४९-१५३ आणि १५७-१६१. तिसरा खालच्या ३६ ते ४८ मध्ये न्या. २० मेगाहर्ट्झवर चालवता येत असेल तर वरच्या पट्ट्यातच पाच जागा मिळतात. मधल्या ५२ ते १४४ या पट्ट्यात रडारला अग्रक्रम असतो. रडारची चाहूल लागली तर सेटने चॅनेल सोडायचा असतो आणि ऐन आरतीत चित्र जातं, म्हणून तो शक्यतो टाळा.

वाटणीपूर्वी फोनवरच्या वायफाय तपासणाऱ्या अॅपने मांडवातली गर्दी बघा, संध्याकाळी, लोक आल्यावर. मंडळाचा स्वतःचा राउटर आणि कार्यकर्त्यांचे ५ गिगाहर्ट्झवरचे हॉटस्पॉट हे सर्वांत जवळचे शत्रू, ते २.४ वर आणायला सांगा. ड्रोनवाल्यालाही हेच सांगायचं. बहुतेक ड्रोन २.४ आणि ५.८ दोन्हीवर चालतात आणि ऑटोवर ते ५.८ ला उडी मारतात.

तीन रिसीव्हर एकाच टेबलावर खेटून ठेवू नका, एकमेकांपासून तीन-चार फूट ठेवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणताही ट्रान्समीटर रिसीव्हरच्या जवळ येऊ देऊ नका. कॅमेरामन पाणी प्यायला मिक्सरपाशी येतो, त्याचा सुरू असलेला ट्रान्समीटर बाकीच्या दोन रिसीव्हरच्या कानाशी ओरडतो आणि दूरचे दोन्ही कॅमेरे पडतात. ‘अधूनमधून पडतं’ या तक्रारींत हे कारण फार वेळा सापडतं.

तीनपैकी एक कॅमेरा जिमी जिबवर (लांब दांड्याच्या क्रेनवर) असेल तर त्याचा सेट कमी करता येईल. जिबचा पाया हलत नाही, तर त्याच्या दांड्यावरून एसडीआय केबल आणा. केबल जाते तिथे केबलच चांगली.

प्रश्न : फुटबॉलचे सामने लाइव्ह करतो. मैदानाच्या पलीकडच्या गोलमागे कॅमेरा आहे, अंतर १२० मीटरच्या आसपास. जाड अँटेना बसवल्या, पण रेंज वाढण्याऐवजी घटली. (मडगाव)

बहुधा अँटेना जोडलीच गेलेली नाही. एसएमए आणि आरपी-एसएमए हे दोन सांधे बाहेरून सारखे दिसतात, आटे एकमेकांत घट्ट बसतात, पण एकात मधे पिन असते तिथे दुसऱ्यात भोक. भोकासमोर भोक आलं तर आटे घट्ट आणि संपर्क शून्य. वायफाय राउटरच्या म्हणून मिळणाऱ्या अँटेना बहुतेक आरपी असतात. टॉर्च लावून दोन्ही बाजू बघा: एका बाजूला पिन, दुसऱ्या बाजूला भोक, असंच हवं. पिनेसमोर पिन असेल तर जबरदस्तीने आवळू नका, दोन्ही मोडतील. आणि अँटेना काढलेली असताना ट्रान्समीटर कधीही सुरू करू नका. बाहेर न गेलेली शक्ती परत फिरून आतला अॅम्प्लिफायर जाळू शकते.

सांधा बरोबर असेल तर दिशा बघा. काठीसारखी अँटेना आडव्या अंगाने सगळीकडे पाठवते, टोकाकडून जवळजवळ काहीच नाही. लोक ती बंदुकीसारखी रिसीव्हरकडे रोखतात, ते उलट आहे. ती उभी ठेवा, दोन्ही टोकांना सारखीच उभी. दोन किंवा चार अँटेना असतील तर एखादी जोडी थोडी व्हीसारखी फाकवा म्हणजे कॅमेरा कलला तरी कुठली तरी जुळून राहते.

तुमचा कॅमेरा एकाच जागी असल्याने रिसीव्हरच्या बाजूला सपाट पॅनेल अँटेना हा योग्य खर्च आहे. ती एका दिशेनेच ऐकते, त्यामुळे प्रेक्षकांच्या फोनचा गोंगाटही कमी होतो. आधी मात्र दोन्ही टोकं १० फुटांवर न्या. उंची फुकट मिळते. शक्ती वाढवणारे बूस्टर लावू नका. डिजिटल सिग्नल त्यात विद्रूप होतो, शिवाय ते नियमात बसत नाही.

प्रश्न : या सेटना परवाना लागतो का? (लातूर)

५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेने ठरावीक शक्तिमर्यादेत परवानामुक्त झाले आहेत. वापरणाऱ्याला वेगळा परवाना नको, पण उपकरणाला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता हवी. परदेशातून कुणाबरोबर सेट मागवताना हे विचारात घ्या. मान्यता असलेलंच मॉडेल घ्या. परवानामुक्त म्हणजे संरक्षणही नाही. शेजारच्या लग्नातला सेट तुमच्यावर आला तर तक्रार करता येत नाही, आपला चॅनेल बदलायचा.

प्रश्न : वरात लाइव्ह दाखवायला हा सेट चालेल का? (अकलूज)

नाही. वळणं, नाचणारी माणसं, डीजेची लोखंडी गाडी, काहीशे मीटर अंतर: यातलं एकही याला मानवत नाही. त्यासाठी दोन-तीन सिमकार्डं एकत्र वापरून मोबाइल नेटवर्कवरून चित्र पाठवणारा एन्कोडर भाड्याने घ्या. त्याला कित्येक सेकंद उशीर असतो, म्हणून घरच्या टीव्हीवर आणि यूट्यूबवरच दाखवा. कार्यालयातल्या वॉलवर आवाजासोबत जुळणार नाही.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी दोननंतर रिसीव्हर आपोआप बंद पडतो. पावसाळ्यात कसं झाकायचं तेही सांगा. (चंद्रपूर)

अशी यंत्रं साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेली असतात. तुमच्याकडे मे महिन्यात सावलीतच तेवढे होतात. काळा डबा उन्हात ठेवला की आतली चिप स्वतःला वाचवायला बंद होते. स्टँडवर पांढरी छत्री बांधा, पंख्याच्या जाळीपुढे चार बोटं जागा मोकळी ठेवा, जाळीतली धूळ ब्रशने झाडा. बॅटरी डब्याच्या पाठीला लावण्याऐवजी वायरने खाली आणा, तिचीही उष्णता वाचते. ओलं फडकं गुंडाळू नका.

पावसाचे थेंब शंभर मीटरवर सिग्नलचं काही बिघडवत नाहीत. बिघडवतं ते सांध्यात शिरलेलं पाणी. वरून पातळ पारदर्शक प्लास्टिकची पिशवी सैल घाला, खालून उघडी. चंदेरी थर असलेलं कापड नको, त्यातला धातू सिग्नल परतवतो. केबल डब्यात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकेल.

प्रश्न : एफ-९७० बॅटरीवर रिसीव्हर किती वेळ चालावा? आमच्याकडे दोन तासांत संपते. (रत्नागिरी)

रिसीव्हर साधारण ८ वॉट घेतो असं धरा. तुमच्या सेटचा नेमका आकडा मागच्या बाजूला लिहिलेला असतो. ७.२ व्होल्ट आणि ६६०० मिलिअॅम्पिअर-तास म्हणजे ४७ वॉट-तास, भागिले ८, म्हणजे जवळपास सहा तास. तोटा धरून पाच तास मिळायला हवेत. लहान एफ-५५० मध्ये १६ वॉट-तास असतात, तिच्यावर जेमतेम दोन तास. तुमची मोठी बॅटरी लहानीइतकीच चालते, तर ती एकतर फार जुनी आहे किंवा आत सेल कमी आहेत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. आत खरे सहा सेल असतील तर ३०० ग्रॅमच्या आसपास भरते. २०० च्या खाली असेल तर लेबलवर कितीही आकडा छापलेला असो, ती परत करा. मुहूर्ताच्या अर्धा तास आधी, जुनी कितीही भरलेली दिसली तरी, ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्हींच्या बॅटऱ्या बदला आणि दुवा पुन्हा जुळल्याचं बघूनच कॅमेरामनला स्टेजवर पाठवा.